मधला खांब

१९६२ ते १९६४, कोबे
जपानच्या या बंदरात रस्ता खोदून जमिनीखाली काँक्रीटची एक पेटी बांधली जाते. १२० मीटर लांब, १७ मीटर रुंद, डोक्यावर पाचेक मीटर माती. हे भुयारी रेल्वेचं दाईकाई स्थानक. मध्यावर ३५ खांबांची रांग. उभ्या सळया भरपूर, पण त्यांना आवळणाऱ्या रिंगा जेमतेम ९ मिलिमीटरच्या आणि दर ३५ सेंटिमीटरला एक. खांबाने वरचं ओझं पेलायचं, एवढाच हिशेब. भूकंप वरच्या इमारती पाडतो, जमिनीत पुरलेल्या पेटीला काय होणार, असं तेव्हा मानत. अनर्थाची घटका इथेच भरू लागली, असं मला वाटतं.

१७ जानेवारी १९९५, पहाटे ५
इकडे आपल्या सुरतेत रात्रीचा दीड. कोबेत अंधार. पहाटेच्या लोकल धावू लागल्या आहेत, शिन्कान्सेनची, म्हणजे बुलेट ट्रेनची, पहिली गाडी ६ वाजता सुटायची आहे.

५.४६
आवाजी बेटाच्या उत्तर टोकाशी, साधारण १६ किलोमीटर खोल, खडक सरकतो. दाईकाईपर्यंत पोचायला लाटेला काही सेकंद पुरतात.

पुढचे वीस सेकंद
जमिनीत गाडलेलं बांधकाम स्वतःच्या मर्जीने झुलत नाही, माती नेईल तिकडे जातं. वरची माती खोलवरच्या मातीपेक्षा जास्त झुलते, त्यामुळे छत एकीकडे सरकतं आणि तळ मागे राहतो. काडेपेटीचं बाहेरचं खोकं बोटांनी तिरकं दाबून पाहा, तसं. बाजूच्या भिंतींना निदान बाहेरून मातीचा टेकू असतो. मधल्या खांबाला कुणाचाच नाही. छताचं, मातीचं, रस्त्याचं ओझं त्याच्या डोक्यावर, आणि त्यातच हा आडवा हिसका. खांबाला तिरपी चीर जाते, विरळ रिंगा सुटतात, उभ्या सळया फुगून बाहेर येतात. ३५ पैकी तीसहून अधिक खांब चिरडले गेले. छत मधोमध मोडून खाली बसलं.

५.४७
वरचा राष्ट्रीय महामार्ग २८ अडीच मीटरपर्यंत खचला आहे. शिन्कान्सेनचे रूळ अजून रिकामे. भूकंप आणखी चौदा मिनिटं उशिरा आला असता तर, हा विचार आजही अंगावर काटा आणतो. या भूकंपाने एकूण ६,४३४ माणसं नेली.

१७ जानेवारी १९९६
बरोबर वर्षाने दाईकाई पुन्हा उघडलं. नवे मधले खांब पोलादी नळ्यांत काँक्रीट भरून केलेले.

२६ जानेवारी २००१, सकाळी ८.४६
झेंडावंदनाची वेळ. कच्छमध्ये भचाऊजवळ ७.७ तीव्रतेचा भूकंप होतो. सुरत तिथून साडेतीनशे किलोमीटरवर. पहिली हलकी लाट इथे पोचायला पाऊण मिनिट लागतं, जोराने हलवणारी दुसरी सव्वा ते दीड मिनिटाने येते. धावती गाडी थांबवायला एवढा अवधी पुष्कळ, पण इशारा देणारं कुणी तर हवं.

८.४८
सुरत हादरते आहे. जिल्ह्यात ४६ बळी गेले, अहमदाबादेत ७५२. अहमदाबादेत कोसळलेल्या कितीतरी इमारतींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता, नुसत्या खांबांवर उभा. दाईकाईचा फलाट आणि हे पार्किंग, दोन्हीकडचे खांब एकाच दुखण्याने गेले: ओझं पेलायला पुरे, आडव्या हिसक्याला अपुरे.

आता, सुरत
कापोद्रा ते चौक बाजार या पट्ट्यात मेट्रोची सहा भुयारी स्थानकं. माती तापीच्या गाळाची, त्यात भूजल फार खोल नाही. उधना, लिंबायतमधली आपली खानदेशी मंडळी उद्या याच फलाटांवर मुलाबाळांना घेऊन उभी राहतील. म्हणून माझं लक्ष रिंगेकडे जातं. भूकंप सोसणाऱ्या खांबात रिंगा जवळजवळ बांधतात आणि रिंगेची टोकं १३५ अंशांत वळवून आतल्या काँक्रीटमध्ये रुतवतात. ९० अंशांवर सोडलेली रिंग लांबून तशीच दिसते, पण वरचा थर सुटला की उघडते. सळया बांधणाऱ्याच्या हातात पक्कड आहे, तोवर ते टोक आत वळवता येतं. संध्याकाळी फळ्या लागतात, काँक्रीट ओतलं जातं, आणि मग ते टोक कुणालाच दिसत नाही.