मोठ्या चाकाची किंमत

अमेरिकेतील सेंट लुईसजवळ राहणाऱ्या बॉब चँडलर यांनी आपल्या १९७४ सालच्या फोर्ड एफ-२५० पिकअप ट्रकला एकामागून एक मोठी चाके बसवली. हाच ट्रक पुढे ‘बिगफूट’ म्हणून गाजला. १९८१ मध्ये ४८ इंची टायरांवर त्याने जुन्या मोटारी चिरडल्या. नंतरच्या बिगफूट-२ चे टायर ६६ इंची होते.

एवढे मोठे टायर कशासाठी? स्प्रिंगा बदलून गाडीचा सांगाडा उचलता येतो. ॲक्सल मात्र चाकाच्या मध्याशीच राहतो. तो दगडाला अडकू नये, तर चाकाची त्रिज्याच वाढवावी लागते.

पण याची किंमत मोजावी लागते. समजा, ३० इंची चाकाऐवजी ४८ इंची बसवले. तेवढ्याच पिळाने (आघूर्णाने) जमिनीवर मिळणारा रेटा ३०/४८, म्हणजे सुमारे ६३ टक्केच उरतो. ब्रेकचा जोरही त्याच प्रमाणात घटतो. गिअर तेच ठेवले, तर वेगमापक ५० दाखवील तेव्हा खरा वेग ८० असेल! शिवाय गुरुत्वमध्य वर गेल्याने वळणावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो.

रेटा भरून काढण्यासाठी गिअरचे गुणोत्तर वाढवले, की ॲक्सलवरचा पीळ वाढतो. चँडलर यांचे ॲक्सल वारंवार मोडत. अखेर त्यांना लष्करी ट्रकचे भक्कम ॲक्सल बसवावे लागले.

आघूर्ण शिकवताना विद्यार्थ्यांना विचारावे : चाक बदलले, तर गाडीत आणखी काय काय बदलावे लागेल? यादी त्यांनाच करू द्यावी.