ऑलिंथस येथील अंगणाच्या घरांचे उत्खनन

ऑलिंथस हे उत्तर ग्रीसमधील खाल्किडिकी द्वीपकल्पातील प्राचीन नगर होते. तेथील उत्खननात शंभराहून अधिक घरे उजेडात आली. अभिजात काळातील ग्रीक गृहरचनेच्या अभ्यासाचे हे प्रमुख साधन मानले जाते.

पार्श्वभूमी

इ.स.पू. ४३२ च्या सुमारास किनाऱ्यावरील गावांतील रहिवासी ऑलिंथसला येऊन वसले आणि उत्तरेकडील टेकडीवर आखीव नगर उभे राहिले. इ.स.पू. ३४८ मध्ये मॅसिडोनियाचा राजा दुसरा फिलिप याने ते उद्ध्वस्त केले. नगराचा बहुतांश भाग पुन्हा वसला नाही. त्यामुळे अनेक घरांतील वस्तू जमिनीवरच गाडल्या गेल्या. फिलिपचे नाव कोरलेल्या गोफणीच्या गोळ्याही येथे सापडल्या आहेत.

उत्खनन

अमेरिकन पुरातत्त्वज्ञ डेव्हिड मूर रॉबिन्सन यांनी १९२८, १९३१, १९३४ आणि १९३८ या वर्षी येथे उत्खनन केले. त्याचा वृत्तांत १४ खंडांत प्रसिद्ध झाला. २०१४ पासून ग्रीक व ब्रिटिश संस्थांच्या सहकार्याने नव्या पद्धतींनी पुन्हा संशोधन झाले. त्यात माती चाळून सूक्ष्म अवशेषही तपासण्यात आले.

गृहरचना

प्रत्येक गृहसमूहात साधारणतः दहा घरे दोन रांगांत असून मधून सांडपाण्याची अरुंद बोळ जाते. घर सुमारे १७ मीटर लांबी-रुंदीचे, दगडी पायाचे, कच्च्या विटांच्या भिंतींचे व कौलारू असे. अंगण बहुधा दक्षिणेस असून त्याच्या उत्तरेस 'पास्तास' ही लांब ओसरी व तिच्या मागे खोल्या असत. हिवाळ्यात खाली उतरलेल्या सूर्याचे ऊन ओसरीपर्यंत पोहोचे. काही घरांत 'अँड्रॉन' हे पुरुषांच्या मेजवानीचे दालन आढळते. त्यात पलंगांसाठी भिंतीलगत उंच कट्टा व मध्ये कधीकधी खड्यांची चित्रफरशी असे.

अर्थनिर्णय

झेनोफनच्या लेखनात स्त्रियांच्या स्वतंत्र, कडी लावलेल्या दालनाचा उल्लेख आहे. ऑलिंथसच्या घरांत मात्र असे दालन निश्चितपणे दाखवता येत नाही. मागाची वजने ओसरी, अंगण व विविध खोल्यांत मिळाली आहेत. एकच जागा दिवसाच्या वेळेनुसार व ऋतूनुसार निरनिराळ्या कामांसाठी वापरली जात असावी, असे निकोलस काहिल व लिसा नेव्हेट यांसारखे अभ्यासक मानतात. ग्रंथांतील आदर्श आणि प्रत्यक्ष जीवन यांतील अंतर या घरांमुळे स्पष्ट होते.