पहिली सायकल आणि तिचे दुकान

गेल्या जूनमध्ये प्रथम वर्षाचे प्रवेश चालू असताना एक विद्यार्थिनी आमच्या प्राध्यापक-कक्षात आली. तिचे गाव महाविद्यालयापासून सात किलोमीटरवर. पहिला तास साडेसातचा आणि गावाहून निघणारी पहिली एस. टी. त्यानंतरची. शाळेत असताना शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून तिला सायकल मिळाली होती. पण ती योजना आठवी ते बारावीच्या मुलींसाठी, आणि ती सायकल आता धाकट्या बहिणीकडे गेलेली. वडिलांनी चार हजारांची सोय केली होती. "मोठ्यांची, रोज चालवण्यासारखी सायकल एवढ्यात कुठे मिळेल?" एवढेच तिला विचारायचे होते.

आम्ही चौघांनी चार उत्तरे दिली. एकाने जिल्ह्याच्या ठिकाणचे मोठे दालन सांगितले, दुसऱ्याने इंटरनेटवरील खरेदी, तिसऱ्याने पुण्याचा जुना बाजार, तर चौथ्याने बाजारपेठेतील ओळखीचा दुकानदार. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "पण सर, बिघडली तर कुठे न्यायची?"

या प्रतिप्रश्नाने आमची चारही उत्तरे अपुरी ठरली. आम्ही वस्तूच्या किमतीचा विचार करीत होतो, ती वस्तू चालू राहण्याचा विचार करीत होती. सायकल कुठे घ्यावी हा प्रश्न वरवर किरकोळ; परंतु आपल्याकडे सव्वाशेहून अधिक वर्षे तो वेगवेगळ्या रूपांत विचारला गेला आहे. आमच्या वाचनातील मराठी आत्मचरित्रांतून सायकल येते ती शाळेची वाट, पाऊस, मित्र यांच्या संगतीने. ती कोणाकडून घेतली, पैसे कसे फेडले, हा तपशील क्वचितच येतो. त्या वगळलेल्या तपशिलाचा थोडा माग घेणे हा या लेखाचा हेतू.

आरंभ बेळगावपासून करावा लागतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. मुंबईत त्यांच्या पाहण्यात सायकल आली, आणि त्यांनी व त्यांचे बंधू रामुअण्णा यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. १८८८ हे त्या उद्योगसमूहाचे स्थापनावर्ष मानले जाते. सायकलची किंमत तेव्हा सातशे ते हजार रुपये असे, आणि चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये वेगळे घेतले जात, असे सांगतात. आम्हांला त्या किमतीपेक्षा ते पंधरा रुपये अधिक बोलके वाटतात. ज्याने विकायची त्यानेच शिकवायची आणि मोडली तर त्यानेच दुरुस्त करायची, अशी ही पहिली रीत होती. गिऱ्हाईक होते ते साहेब, वकील, डॉक्टर असे प्रौढ पुरुष. मुलांची छोटी सायकल हा फार पुढचा प्रकार. आपल्याकडे 'पहिली सायकल' ही आरंभी 'मोठ्यांची सायकल'च होती, आणि दुकान ही एका अर्थाने शाळा होती. पुढे हेच घराणे नांगर करू लागले, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० मध्ये तेथूनच 'किर्लोस्कर खबर' निघू लागले. 'किर्लोस्कर' मासिकाशिवाय मराठी मध्यमवर्गीय वाचकाचा इतिहास लिहिता येत नाही. त्या इतिहासाच्या उंबरठ्यावर एक सायकलचे दुकान उभे आहे, याची साहित्याच्या अभ्यासकांनी नोंद घ्यायला हरकत नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सायकल हळूहळू स्वस्त झाली. रॅले, बीएसए, हंबर, हर्क्युलीस ही इंग्लंडमधील नावे मराठी बोलण्यात रुळली. त्यांत हर्क्युलीसने मोठ्या प्रमाणावर उत्पादन करून कमी किमतीत विकण्याचे धोरण ठेवले, तर १९३० च्या दशकात जपानी माल त्याहून स्वस्तात येऊ लागला. निवड करण्याची वेळ सामान्य गिऱ्हाइकावर प्रथमच आली: पक्क्या नावाची महाग घ्यावी की बिननावाची स्वस्त? कारखाना सातासमुद्रापलीकडे असल्यामुळे हमी देणारा एकच, तो म्हणजे शहरातला विक्रेता.

स्वातंत्र्यानंतर हे चित्र पालटले. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना सुरू झालाच होता. १९४९ मध्ये मद्रासला टीआय सायकल्स, १९५१ मध्ये सोनिपतला अ‍ॅटलास, पुढे आसनसोलला सेन-रॅले आणि १९५६ मध्ये लुधियानाला हीरो असे कारखाने उभे राहिले. हीरोचे मुंजाल बंधू हे फाळणीपूर्वी आजच्या पाकिस्तानातील कमालियाचे. सायकलच्या सुट्या भागांचा व्यापार करता करता ते संपूर्ण सायकलीकडे वळले. लुधियानाच्या परिसरात चेन कोणी, मडगार्ड कोणी, पायडल कोणी असे लहान कारखानदार काम वाटून घेत, आणि त्यामुळे सायकल देशी पैशात बसू लागली.

मात्र ही सायकल गावातल्या दुकानात सुट्या भागांच्या रूपात येई. तिची जोडणी, म्हणजे दुकानदारांच्या भाषेत 'फिटिंग', तेथेच होई. बावीस इंची घ्यायची की चोवीस इंची, लेडीज की जेंट्स, सीट कोणते, टायर कोणता, कॅरिअर, स्टँड, घंटी, कुलूप, डायनॅमो यांतले काय घ्यायचे आणि काय पुढच्या दिवाळीपर्यंत लांबवायचे, हे गिऱ्हाईक आणि दुकानदार समोरासमोर बसून ठरवीत. एकाच कंपनीची सायकल एका दुकानातून घेतली तर दहा वर्षे बिनतक्रार चाले आणि दुसऱ्यातून घेतली तर महिन्यात चाकाला आऊट येई, याचे कारण कारखान्यात नसून आरे ताणणाऱ्या त्या हातात होते. 'ओव्हरहॉलिंग'चे आपल्याकडे सर्रास 'ओव्हरऑयलिंग' झाले. त्यात अज्ञान पाहण्यापेक्षा आम्ही भाषेची समज पाहतो. वर्षातून एकदा सायकल पूर्ण उघडून, छर्रे धुऊन, तेल-ग्रीस घालून पुन्हा जोडणे ही क्रिया ज्यांनी डोळ्यांनी पाहिली, त्यांनी तिला दिलेले ते नाव आहे.

पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई त्या काळात तर दुकान हे खरेदीच्या आधीपासूनच ओळखीचे असे. तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने पेठापेठांतून होती. दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारीत मुले-मुली तेथल्याच सायकलींवर गुडघे फोडून शिकत. पुढे स्वतःची घ्यायची वेळ आली की त्याच दुकानात जाणे ओघानेच येई. नगरपालिकेचा बिल्ला, रात्रीचा दिवा, 'डबलसीट' दिसताच शिट्टी वाजवणारा पोलीस, यांविषयीचे ज्ञानही तेथेच फुकट मिळे.

येथवरचे वर्णन स्मरणरंजनाकडे झुकते आहे, याची आम्हांला जाणीव आहे. म्हणून त्याची दुसरी बाजूही मांडायला हवी. दुकानदार हप्त्याने सायकल देई ती ओळखीवर. पण ओळख कोणाची? महिन्याच्या एक तारखेला पगार घेणाऱ्याची, घराचा पत्ता सांगता येणाऱ्याची, ज्याच्या आडनावावर विश्वास ठेवायला समाज तयार होता त्याची. शेतमजूर, गावकुसाबाहेरचा तरुण किंवा एकटी स्त्री दुकानात आली तर तिच्यापुढे हप्त्याची वही सहजासहजी उघडत नसे. सरकारी नोकराला सायकलीसाठी बिनव्याजी अग्रिम मिळे. केंद्र सरकारने तो सातव्या वेतन आयोगानंतर, २०१६ मध्ये बंद केला. ज्याची नोकरीच रोजंदारीची, त्याच्यासाठी असा अग्रिम कधी नव्हताच.

आणखी एक दुकान असे होते की ज्याचा उल्लेख करताना आपण अडखळतो. स्वातंत्र्योत्तर दोन-तीन दशकांत घड्याळ, रेडिओ आणि सायकल ही नवरदेवाची मागणी असे. म्हणजे अनेक पुरुषांची पहिली सायकल त्यांनी विकत घेतलेली नव्हतीच. ती सासऱ्याने कर्ज काढून घेतलेली होती, आणि जिच्या नावाने ती घरात आली तिला बहुधा मागच्या कॅरिअरवर एका बाजूने बसण्याइतकाच तिचा लाभ झाला. लेडीज सायकल दुकानात टांगलेली असे. ती घ्यायची की नाही हे मात्र दुकानात ठरत नसे. आमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न 'कुठे मिळेल' एवढाच आहे, 'चालवू का' असा नाही, हे पाहिल्यावर मधली वर्षे अगदीच वाया गेली नाहीत असे वाटते.

ज्याला उधारी मिळत नाही त्याचे दुकान म्हणजे जुना बाजार. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार प्रसिद्ध आहे. लहान गावांत हेच काम एखादा पंक्चरवाला करतो. या खरेदीतली भीती वेगळीच असते. व्हित्तोरिओ दे सिका यांचा 'बायसिकल थीव्ह्‌ज' (१९४८) आपल्याकडे १९५२ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला, तेव्हापासून आपण त्याविषयी बोलत आलो आहोत. नोकरीसाठी सायकल हवी म्हणून बायको घरच्या चादरी गहाण टाकते, सायकल सुटते आणि पहिल्याच दिवशी चोरीला जाते. मग बाप-लेक रोमच्या बाजारांत टायर, घंट्या, पंप, सांगाडे यांच्या ढिगांतून आपली सायकल शोधत हिंडतात. चित्रपटाच्या चर्चेत आपण बापाच्या अपमानावर थांबतो, ते योग्यच. परंतु त्या बाजारातील दृश्यात जुन्या मालाचे सगळे अर्थशास्त्र आहे. तेथे प्रत्येक स्वस्त वस्तूमागे ती आधी कोणाची होती हा प्रश्न उभा असतो. म्हणूनच जुनी सायकल घेताना सांगाड्यावर ठोकलेला नंबर पाहावा, तो पावतीवर लिहून घ्यावा, हा व्यवहारी सल्ला आमच्या मते नैतिकही आहे. बाकीची परीक्षा सोपी आहे. चाक उचलून फिरवावे आणि ते ब्रेकच्या रबराला एका बाजूने घासते का ते पाहावे. सांध्यांवर नव्या रंगाखाली वेल्डिंग लपलेले नाही ना, हे बोटाने चाचपावे.

आजचे चित्र सर्वांना ठाऊक आहे. ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, अ‍ॅटलासच्या साहिबाबाद येथील कारखान्याचे काम थांबले. पुण्यात २०१७ च्या अखेरीस भाड्याच्या सायकली मोबाईल फोनवरून कुलूप उघडण्याच्या नव्या रूपात परतल्या आणि थोड्याच वर्षांत रस्त्यांवरून नाहीशा झाल्या. सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरील जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला. सायकल आता खोक्यातून घरपोच येते, अर्धवट जोडलेली. उरलेली जोडणी गिऱ्हाइकाने करायची. ज्याच्या घरी पाने नाहीत तो ते खोके डोक्यावर घेऊन शेवटी पंक्चरवाल्याकडेच जातो, आणि तेथे त्याला थोडे ऐकूनही घ्यावे लागते. तरीही मोठ्या दालनाचा एक गुण मान्य करावा लागेल. तेथे किंमत चिठ्ठीवर छापलेली असते आणि ती सर्वांना सारखीच असते. तेथे आडनाव कोणी विचारत नाही. ओळखीच्या दुकानाला जे जमले नाही ते या अनोळखी दुकानाने केले.

मग स्वस्त कशाला म्हणावे? या इतिहासातून आम्हांला दिसते ते एवढेच: सायकलीची किंमत एकदा द्यावी लागते, तर तिचा खर्च रोज. बेळगावच्या दुकानात विकणारा आणि दुरुस्त करणारा एकच होता. पुढे ते दोघे वेगळे झाले आणि किमतीची चिठ्ठी विकणाऱ्याकडे राहिली. गरीब गिऱ्हाइकाला मात्र दुरुस्त करणारा आधी शोधावा लागतो, कारण एक दिवस बंद पडलेली सायकल म्हणजे त्याचा एक दिवसाचा रोजगार किंवा एक दिवसाचे तास. ती विद्यार्थिनी हे जाणत होती. आमच्यापैकी कोणी ते तिला शिकवलेले नव्हते.

तिने काय केले तेही सांगायला हवे. महाविद्यालयाच्या रस्त्यावरच एक दुरुस्तीवाला बसतो. त्याच्याकडे जुना, पण सरळ सांगाडा होता. त्यावर नवे टायर, नवी चेन आणि नवे ब्रेक बसवून त्याने साडेतीन हजारांत सायकल उभी करून दिली. आमच्या आग्रहावरून पावती लिहिली आणि तिच्यावर सांगाड्याचा नंबरही टाकला. उरलेल्या पाचशेतून कुलूप, पंप आणि मागचा लाल दिवा आला. पहिल्या महिन्यात दोनदा चेन उतरली आणि दोन्ही वेळा त्याने पैसे न घेता ती बसवून दिली.

साडेसातच्या तासाला ती आता वेळेवर असते. हजेरी घेताना खिडकीतून आम्हांला सायकल-स्टँड दिसतो. तेथे किती सायकली आहेत, हे आम्ही अलीकडे मोजू लागलो आहोत.