रंगमंचीय उत्थापनव्यवस्था

रंगमंचावर दृश्यपट, दिवे व प्रसंगी नट यांना दोर, कप्प्या व प्रतिभार यांच्या साहाय्याने उचलण्याची व्यवस्था. ग्रीक रंगभूमीवर इ. स. पू. पाचव्या शतकात ‘मेखाने’ नावाची यारी देवपात्रांना अधांतरी आणीत असे. ॲरिस्टोफेनीसच्या पीस (इ. स. पू. ४२१) या सुखात्मिकेत शेणकिड्यावर आरूढ झालेला नायक यारी चालविणाऱ्यास सावधगिरीची विनवणी करतो; हा विनोद असला, तरी त्यामागील भय खरे आहे. स्टॉकहोमनजीकच्या ड्रॉटनिंगहोम नाट्यगृहातील (१७६६) हातांनी चालणारी लाकडी यंत्रणा अजूनही वापरात आहे. जे. एम. बॅरीच्या पीटर पॅन (१९०४) या नाटकामुळे नटांच्या उड्डाणास लोकप्रियता लाभली. १९५० मध्ये ब्रॉडवेवरील त्याच्या प्रयोगासाठी पीटर फॉय याने उड्डाणे योजिली.

हौशी संस्थांत अशा कामी उत्साह पुष्कळ, परंतु साधने व अनुभव बेताचेच असतात. प्रतिभारपद्धतीत दांडी खाली असताना प्रथम तिला भार बांधतात व मग प्रतिभार चढवितात. काढताना प्रतिभार आधी उतरवितात. हा क्रम चुकल्यास जड बाजू अनावर वेगाने खाली येते. एकच भार दोन तिरप्या दोरांनी पेलला असता त्यांच्यातील कोन १२०° झाल्यास प्रत्येक दोरावर संपूर्ण भाराइतका ताण पडतो. झटका बसल्यास हा ताण कित्येक पटींनी वाढतो. म्हणून माणूस उचलताना दोराची तुटण्याची मर्यादा भाराच्या किमान दहापट ठेवण्याचा प्रघात आहे. नटाचे उड्डाण तज्ज्ञाच्या प्रत्यक्ष देखरेखीशिवाय योजू नये, हा संकेतही त्यातूनच रूढ झाला.