वेबपानावरच्या ‘प्रिंट’ बटणाची कुळकथा

वेबपानावरचे ‘प्रिंट’ बटण दाबले की ब्राउझरची छपाईची खिडकी उघडते. या बटणामागे बहुतेक वेळा जावास्क्रिप्टची एकच ओळ असते: विंडो.प्रिंट(). तिच्या कंसात काही भरायचे नसते आणि काम झाल्यावर ती काही कळवतही नाही. कोणता प्रिंटर, किती प्रती, रंगीत की काळ्या शाईत, यातले काहीही पानाच्या हाती नसते. पान फक्त छपाईची विनंती करते, पुढचा निर्णय समोर बसलेल्या माणसाचा असतो. ही मर्यादा या आज्ञेला जन्मापासून चिकटलेली आहे आणि तिच्या दीर्घायुष्याचे मोठे कारणही तीच आहे.

वेबच्या पहिल्या काही वर्षांत छपाईशी पानाचा संबंधच नव्हता. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेबची मांडणी केली, तेव्हा पान म्हणजे खुणा केलेला मजकूर होता, त्यात चालणारा प्रोग्राम नव्हता. 1993 साली आलेल्या मोझेक या ब्राउझरमध्ये पान छापता येत असे, पण ते काम ब्राउझरच्या मेनूतून होई. मे 1995 मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत एका नव्या भाषेचा पहिला आराखडा उभा केला. मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट अशी नावे घेत ती जावास्क्रिप्ट झाली आणि मार्च 1996 मध्ये नेटस्केप नॅव्हिगेटर 2.0 बरोबर लोकांपर्यंत पोहोचली. आता पान वापरणाऱ्याला सूचना दाखवू शकत होते, हो-नाही विचारू शकत होते, चार शब्द टाइप करून घेऊ शकत होते. छापायला मात्र सांगू शकत नव्हते.

याच नॅव्हिगेटर 2.0 ने फ्रेम आणल्या. एकाच खिडकीचे उभेआडवे भाग पाडून प्रत्येकात वेगळे पान दाखवायचे, ही पद्धत लगेच लोकप्रिय झाली आणि तिने छपाईत घोळ घातला. शेवटचा क्लिक ज्या फ्रेममध्ये झाला असेल तीच छापली जाई. लेख हवा असताना हातात नुसती अनुक्रमणिका पडे. दुसरीकडे, स्क्रिप्टने नवी खिडकी उघडताना तिचा मेनू आणि टूलबार काढून टाकता येत असे. अशा बोडक्या खिडकीत छपाईचे बटण वापरणाऱ्याला दिसतच नव्हते.

जून 1997 मध्ये नेटस्केप कम्युनिकेटर 4 आला आणि त्याबरोबर जावास्क्रिप्टची 1.2 आवृत्ती. खिडकी या वस्तूला तिने काही नव्या आज्ञा दिल्या: बॅक(), फॉरवर्ड(), होम(), स्टॉप(), फाइंड() आणि प्रिंट(). ही यादी एकत्र वाचली की तिचे मूळ ध्यानात येते. यातल्या बहुतेक आज्ञा त्या काळच्या टूलबारवरच्या बटणांच्याच प्रतिकृती आहेत. ब्राउझरच्या चौकटीतली बटणे पानाच्या हवाली केली गेली, आणि प्रिंट() हे त्यातले एक. टूलबारचे बटण दाबताना कोणी त्याला प्रतींची संख्या सांगत नाही, म्हणून या आज्ञेचा कंसही रिकामा राहिला. फ्रेमचा प्रश्नही सुटला, कारण हव्या त्या फ्रेमला नावाने हाक मारून तिलाच छापायला सांगता येऊ लागले.

या भावंडांचे पुढचे नशीब सारखे नव्हते. होम() काळाच्या ओघात गेली. फाइंड() अनेक ब्राउझरमध्ये असूनही प्रमाणग्रंथात शिरली नाही. बॅक() आणि फॉरवर्ड() यांचे काम ‘हिस्टरी’ या वस्तूकडे होतेच. स्टॉप() प्रमाणात आली, पण फारशी वापरली जात नाही. रोजच्या वापरात उरली ती प्रिंट().

मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोरर 4 मध्ये, म्हणजे 1997 च्याच शरद ऋतूत आलेल्या आवृत्तीत, ही आज्ञा नव्हती. त्या काळच्या वेब-कारागिरांनी त्यावर जी वाट काढली ती आज वाचतानाही दम लागतो. पानात ब्राउझरचाच एक अदृश्य अॅक्टिव्हएक्स घटक बसवायचा आणि व्हीबीस्क्रिप्टमधून त्याला एक्झेकडब्ल्यूबी नावाची आज्ञा द्यायची. तिचा पहिला आकडा 6, म्हणजे ‘छाप’. दुसरा आकडा 1 दिला तर ‘वापरणाऱ्याला विचारून’ आणि 2 दिला तर ‘न विचारता’. ही युक्ती फक्त विंडोजवर चालत असे, त्यामुळे एका बटणासाठी दोन ब्राउझरांचे दोन मार्ग लिहावे लागत. पण त्या दुसऱ्या आकड्यात एक मूलभूत प्रश्न दडलेला होता: अनोळखी पानाला माणसाच्या प्रिंटरवर परस्पर हुकूम चालवू द्यावा का? मार्च 1999 मध्ये एक्स्प्लोरर 5 ने नेटस्केपचीच विंडो.प्रिंट() स्वीकारली आणि खुल्या वेबवर ‘विचारून’ हाच पर्याय रूढ झाला. वेबच्या इतिहासातला हा एक चांगला निर्णय आहे. तो उलट झाला असता तर प्रत्येक जाहिरातीला घराघरातला कागद आणि शाई मोकळी मिळाली असती.

एक्स्प्लोरर 5 ने आणखी एक भर घातली. छपाईच्या आधी ‘बिफोरप्रिंट’ आणि नंतर ‘आफ्टरप्रिंट’ अशा दोन घटना पानाला कळू लागल्या. कागदावर नको असलेला मेनू आधी लपवायचा, नंतर परत आणायचा, मिटलेली प्रकरणे उघडून ठेवायची, अशी कामे त्यामुळे शक्य झाली.

नुसती आज्ञा आली म्हणून कागद नीट निघू लागला असे मात्र झाले नाही. पडद्यासाठी मांडलेले पान कागदावर उमटले की उजवीकडची अक्षरे कापली जात, जाहिराती आणि दुव्यांच्या रांगा अर्धा कागद खात. म्हणून बातम्यांच्या संकेतस्थळांवर ‘छापण्यायोग्य आवृत्ती’ हा वेगळा दुवा असे. तोच लेख दुसऱ्या साध्या पानात भरायचा आणि ते पान उघडताच छपाईची खिडकी पुढे करायची. याचा उपाय शैलीपत्रकांत, म्हणजे सीएसएसमध्ये तयार होत होता. डिसेंबर 1997 च्या एचटीएमएल 4 ने ‘हे शैलीपत्रक फक्त छपाईसाठी’ असे सांगायची सोय केली. मे 1998 च्या सीएसएस 2 ने छपाईचे नियम त्याच शैलीपत्रकात लिहिण्याची, कागदाचा समास ठरवण्याची आणि पान कुठे तुटावे हे सांगण्याची भाषा दिली. ब्राउझर त्या भाषेला सावकाश सरावले. मे 2002 मध्ये एरिक मायर यांनी ‘अ लिस्ट अपार्ट’ या नियतकालिकात छपाईच्या शैलीपत्रकावर लेख लिहिला, आणि वेगळे पान न बनवता एकाच पानाचे दोन वेश करता येतात हे अनेकांना त्यातून उमगले. तेव्हापासून कामाची वाटणी स्पष्ट झाली: कागदावर काय दिसावे ते शैलीपत्रक सांगते, कधी विचारावे ते प्रिंट() सांगते.

इतकी वर्षे ही आज्ञा ब्राउझरांच्या परस्पर अनुकरणावर चालत होती. तिचे वागणे नेमक्या शब्दांत बांधले गेले ते एचटीएमएल 5 च्या कामात. हे प्रमाण 28 ऑक्टोबर 2014 रोजी अंतिम झाले. पान पूर्ण उतरण्याआधीच आज्ञा आली तर ती लक्षात ठेवायची आणि उतरणे संपल्यावर पाळायची, असे त्यात ठरले. हा तपशील व्यवहारात फार उपयोगी आहे. स्क्रिप्टने नवी खिडकी उघडून तिच्यात पावती लिहिली आणि लिहिणे संपल्याचे डॉक्युमेंट.क्लोज() ने कळवले नाही, तर ब्राउझरच्या लेखी ते पान कधीच पूर्ण होत नाही. ‘कधी छापते, कधी नाही’ या तक्रारीचे मूळ अनेकदा इथे सापडते. परक्या मजकुराला कोंडून ठेवणाऱ्या चौकटीत छपाईची खिडकी उघडायलाही बंदी करता येते. ‘बिफोरप्रिंट’ आणि ‘आफ्टरप्रिंट’ या घटनांचा प्रवास मात्र रेंगाळला: फायरफॉक्समध्ये त्या 2011 साली आल्या, क्रोममध्ये 2017 च्या अखेरीस आणि सफारीत 2019 साली. ‘आफ्टरप्रिंट’चा अर्थ खिडकी मिटली एवढाच. माणसाने खरोखर छापले की रद्द केले, हे पानाला आजही कळत नाही. म्हणून ‘पावती छापली’ अशी नोंद या घटनेवरून करणे चूक ठरते.

मराठी पानांच्या बाबतीत या जुन्या आज्ञेचे एक वेगळे मोल आहे. पावती किंवा दाखला थेट पीडीएफमध्ये रचणारी अनेक जावास्क्रिप्ट साधने अक्षरे एकापुढे एक ठेवत जातात. देवनागरीला ते पुरत नाही: पहिली वेलांटी साठवणीत व्यंजनानंतर येते पण दिसायला आधी हवी, जोडाक्षरात पहिले व्यंजन अर्धे व्हायला हवे, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जायला हवा. अशा साधनांतून ‘विद्यार्थी’ शब्द सुटा, पाय मोडलेला बाहेर पडतो. प्रिंट() मात्र ब्राउझरच्याच अक्षररचनेतून जाते, क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ते काम हार्फबझ नावाचे मुक्त साधन करते. पडद्यावर जे शुद्ध दिसते ते कागदावरही शुद्ध उतरते. प्रिंटर नसला तरी त्याच खिडकीतून ‘पीडीएफ म्हणून जतन करा’ हा पर्याय मिळतो, कारण प्रमाणानुसार कागदाऐवजी त्याचे प्रतिरूप देणेही छपाईतच मोडते.

दुकानातला बिलाचा गल्ला, तिकीटयंत्र अशा ठिकाणी दर वेळी खिडकी उघडणे परवडत नाही. तिथे यंत्राचा मालक क्रोम सुरू करतानाच ‘किऑस्क प्रिंटिंग’ हा पर्याय देतो आणि मग प्रिंट() न विचारता ठरलेल्या प्रिंटरवर छापते. पान तेच असते, ओळही तीच. परवानगी यंत्राच्या मालकाने आधीच दिलेली असते, पानाला ती स्वतःहून घेता येत नाही.