खोक्यावर ३२००, पडद्यावर २१३३

नवी रॅम आणली, दोन्ही टोकांना खटका बसेपर्यंत दाबून बसवली, कॉम्प्युटर सुरळीत चालू झाला. टास्क मॅनेजर उघडावा, तर खोक्यावर ठळक ३२०० आणि पडद्यावर वेग २१३३. दुकानदाराने फसवलं, असंच आधी वाटतं. बहुतेक वेळा त्याचा काही दोष नसतो. दोन्ही आकडे खरे असतात आणि दोन्ही त्याच पट्टीवरच्या एका इवल्या चिपमध्ये लिहिलेले असतात.

नव्वदच्या दशकातल्या ७२ पिनांच्या पट्ट्यांवर ही चिप नव्हती. पट्टीची ओळख पटावी म्हणून ६७ ते ७० या चार पिना राखून ठेवलेल्या असत. एखादी ग्राउंडला जोडायची, एखादी मोकळी सोडायची, की झालं. चार पिनांतून सोळाच खुणा निघतात. पट्टी केवढी आणि वेग ६० नॅनोसेकंद की ७०, एवढं सांगायला त्या पुरेशा होत्या. पुढे पुरेनात.

मग १६८ पिनांच्या एसडीरॅमवर आठ पायांची चिप आली. आत २५६ बाइट जागा, वाचायला दोन तारा. तिचं नाव सीरियल प्रेझेन्स डिटेक्ट, म्हणजे एसपीडी. इंटेलने १०० मेगाहर्ट्‌झच्या मेमरीची नियमावली आणली आणि १९९८पासून ही चिप पट्टीवर कायमची बसली. हा पट्टीचा सातबाराच म्हणायचा: क्षमता किती, कोणत्या वेगाला किती थांबायचं, बनवणारा कोण. कोणत्या बाइटमध्ये काय लिहायचं हे जेडेक ही उद्योगातली प्रमाणसंस्था ठरवते. पण सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ असा रकाना असतो, तसे इथेही काही बाइट उत्पादकांसाठी मोकळे सोडले होते. पुढचं सगळं घडलं ते त्या मोकळ्या जागेत.

जेडेकचा आकडा सावध असतो, आणि तो तसाच असायला हवा. कोणत्याही कंपनीची पट्टी कोणत्याही बोर्डात चालली पाहिजे. डीडीआर४ ची पट्टी १.२ व्होल्टवर २१३३ने बिनतक्रार सुरू होते. पण कारखान्यातून निघणाऱ्या सगळ्या मेमरी चिप सारख्या नसतात. ज्या १.३५ व्होल्टवर बऱ्याच जास्त वेगाने धावतात, त्या निवडून वेगळ्या काढतात आणि चढ्या भावाने विकतात. (३२०० हा वेग जेडेकच्या यादीतही आहे. तो आकडा ज्यांच्या एसपीडीत मूळ नोंदीतच असतो, त्या पट्ट्या बोर्ड आणि प्रोसेसरची तयारी असेल तर आपोआप तिथवर जातात. त्यांचे थांबे मात्र लांब असतात.)

निवडक चिपचा हा वेग २००६पर्यंत माणसालाच हाताने बायोसमध्ये भरावा लागे. आधी वेग, मग कॅस लेटन्सी, मग टी-आरसीडी, टी-आरपी, टी-रास हे थांबे, शेवटी व्होल्टेज. एक आकडा चुकला की पडदा काळा. मग कॅबिनेट उघडायचं, जंपर हलवून किंवा बॅटरी काढून बायोसमधल्या नोंदी पुसायच्या आणि पहिल्यापासून सुरुवात. असा वेग हाताने भरणारी माणसं आपले जमलेले आकडे एकमेकांना लिहून कळवत. आज एका क्लिकमध्ये जे होतं, त्याच्या मुळाशी त्यांची ही चिकाटी आहे.

२००६मध्ये एनव्हिडिया आणि कॉर्सेअर यांनी ते आकडे एसपीडी चिपमध्येच लिहायचं ठरवलं. डीडीआर२ च्या एसपीडीत ९९ ते १२७ हे बाइट उत्पादकांसाठी होते. त्या २९ बाइटांत त्यांची ‘ईपीपी’ ही नोंद मावली. पुढच्याच वर्षी डीडीआर३ आणि एक्स३८ चिपसेटबरोबर इंटेलने तशीच नोंद एक्सएमपी या नावाने आणली. तिची जागा १७६ ते २५५, म्हणजे ८० बाइट. सुरुवातीलाच ‘०सी ४ए’ ही दोन बाइटांची खूण. ती दिसली की पुढे वेगाची नोंद आहे हे बायोस ओळखतो.

तरीही ती नोंद आपोआप लागू होत नाही. उत्पादकाने पारखलेली असते ती पट्टी. तुमच्या प्रोसेसरचा मेमरी कंट्रोलर आणि तुमचा बोर्ड त्याने पाहिलेला नसतो. खुद्द इंटेलही एक्सएमपीला ओव्हरक्लॉकिंगच म्हणतं, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं. म्हणून सुरुवात सावकाश होते, ते योग्यच आहे. मला खटकते ती खोक्यावरची छपाई. ‘एक्सएमपी चालू केल्यावर’ हे तीन शब्द ३२००च्या शेजारी तेवढ्याच टायपात हवेत, कारण गिऱ्हाईक पैसे त्या वेगाचे मोजतं. फरकही लहान नाही: एका चॅनलमधून सेकंदाला १७ गीगाबाइटऐवजी २५.६, आणि कॅस लेटन्सी १६ (सीएल१६) असेल तर पहिला थांबा सुमारे १४ नॅनोसेकंदांवरून १० वर येतो.

करायचं ते थोडकंच. चार खाचा असतील तर दोन पट्ट्या सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या, चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जायचं, एक्सएमपी निवडून सेव्ह करायचं. एएमडीच्या काही बोर्डांवर हेच डीओसीपी नावाने सापडतं. २०२२मध्ये रायझन ७००० प्रोसेसरांबरोबर एएमडीने स्वतःचं एक्सपो आणलं. सीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये ३२००ऐवजी १६०० दिसलं तर घाबरू नये. ते घड्याळाचे ठोके आहेत, आणि डीडीआर मेमरी प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा देते. डीडीआर५ असेल तर बदलानंतर पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. मेमरी तेव्हा स्वतःला जुळवून घेत असते, मध्येच वीज तोडू नये.

डीडीआर५ साठी २०२१मध्ये आलेल्या एक्सएमपी ३.० मध्ये पाच नोंदींची जागा आहे. तीन उत्पादकाच्या, त्या बदलता येत नाहीत. उरलेल्या दोन वापरणाऱ्यासाठी मोकळ्या आहेत: आकडे आपण जमवायचे, पट्टीवरच साठवायचे आणि त्या नोंदीला हवं ते नाव द्यायचं.