सीमेवर अडलेली विद्या

वैद्याची विद्या त्याच्यासोबत कोठेही जाते. त्या विद्येला मिळालेली शासनाची मान्यता मात्र पुष्कळदा सीमेवर अडते. ही सीमा दरवेळी परक्या देशाचीच असते असे नाही. आपल्याच राज्यकर्त्यांनी, आपल्याच माणसांमध्ये ती आखलेली असू शकते. आपल्या गोमंतकीय बांधवांनी हा अनुभव दीडशे वर्षांपूर्वी घेतला आहे.

१८४२ साली गोव्यात ‘एस्कोला मेडिको-सिरुर्जिका’ ही वैद्यकीय शाळा स्थापन झाली. तेथे शिकणारे बहुतांश तरुण कॅथलिक कुटुंबांतील होते. ते पोर्तुगालचे प्रजाजन होते, त्यांचे शिक्षण पोर्तुगीज भाषेत होई आणि त्यांच्या पदवीवर मोहोरही पोर्तुगीज शासनाचीच असे. परंतु खुद्द पोर्तुगालमध्ये व्यवसाय करण्यास ती पदवी पुरेशी मानली जात नसे. त्यासाठी तेथील विद्यालयात पुन्हा शिकून परीक्षा द्याव्या लागत. आफ्रिकेतील वसाहतींना मात्र हेच डॉक्टर हवे होते. मोझांबिकसारख्या प्रदेशांत त्यांनी हिवतापाच्या छायेत वर्षानुवर्षे सेवा केली, आणि तेथील आरोग्यसेवेतही त्यांची गणना दुसऱ्या श्रेणीतच होत राहिली.

गोव्याच्या शाळेची साधने तुटपुंजी होती, हे आम्ही नाकारत नाही. रुग्णाच्या जिवाची काळजी घेणाऱ्या शासनाने पदवी पारखून घ्यावी, हेही योग्यच. पण लिस्बनच्या रुग्णासाठी जे ज्ञान अपुरे, ते मोझांबिकच्या रुग्णासाठी पुरेसे कसे? या प्रश्नाला उत्तर नव्हते. कसोटी ज्ञानाची नव्हती, स्थानाची होती.

काही गोमंतकीयांनी मुंबईची वाट धरली. हडफडे येथे जन्मलेले डॉ. अकासिओ व्हिएगस मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले. १८९६ साली मांडवी भागात प्लेगचे निदान त्यांनीच केले. पण मुंबईच्या पदवीलाही पुढे हाच अनुभव यावयाचा होता. १९३० साली ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. प्रसूतिशास्त्राचे प्रत्यक्ष शिक्षण अपुरे आहे, असा त्या कौन्सिलचा आक्षेप होता. देशभर संताप उसळला. त्यानंतर १९३३ च्या कायद्याने सर्व प्रांतांतील उच्च वैद्यकीय शिक्षणाचा किमान दर्जा एकसारखा राखण्यासाठी भारतीय वैद्यक परिषद निर्माण झाली. परंतु तिच्या कक्षेतून पदविकाधारक डॉक्टर वगळले गेले! ज्यांच्यासाठी दार बंद झाले होते, त्यांच्याच घरात आणखी एक दार बंद झाले. अखेर १९५६ च्या कायद्याने डॉक्टरांची अखिल भारतीय नोंदवही आली आणि तीत नाव असलेल्या डॉक्टरास देशात कोठेही व्यवसाय करता येऊ लागला.

परिचारिकांची वाट अधिक लांबली. १९४७ च्या कायद्याने मान्यताप्राप्त शिक्षण कोणत्याही राज्याच्या नोंदवहीसाठी पुरेसे ठरवले. पण नोंदवह्या राज्यागणिक वेगळ्याच राहिल्या. आमच्या धर्मग्रामातील एक परिचारिका दुसऱ्या राज्यात शिकली, तेथे चार वर्षे नोकरी केली आणि आईच्या आजारपणामुळे घरी परतली. इकडे नाहरकत पत्र हवे, तिकडे पडताळणीचा कागद हवा, अशा फेऱ्यांत तिचे सात महिने गेले. तिच्या कौशल्याविषयी कोणी एक प्रश्नही विचारला नाही. २०२३ मध्ये संसदेने संमत केलेल्या नव्या कायद्यात परिचारिकांच्या राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद आहे. ती प्रत्यक्षात कशी राबवली जाते, यावर अशा अनेक मुलींचे भवितव्य अवलंबून आहे.

ख्रिस्तसभेलाही हा प्रश्न चुकलेला नाही. १९१७ च्या धर्मसंहितेनुसार, एका धर्मप्रांतात पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार असलेल्या धर्मगुरूला दुसऱ्या धर्मप्रांतात तेथील अधिकाऱ्यांकडून तो नव्याने घ्यावा लागे. १९८३ च्या संहितेने हा क्रम उलटवला. आपल्या बिशपांकडून हा कायमचा अधिकार मिळालेला धर्मगुरू आता जगात कोठेही पापनिवेदन ऐकू शकतो. एखाद्या प्रसंगी स्थानिक बिशप त्याला मनाई करू शकतात. म्हणजे विश्वास हा नियम झाला आणि मनाई हा अपवाद. पारख सुटली नाही. तिची जागा तेवढी बदलली.

ऐहिक कायद्यानेही हीच दिशा धरावी, असे आम्हांस वाटते. एका बिशपांनी पारखलेल्या माणसावर दुसरे बिशप विश्वास ठेवू शकतात, तर एका राज्याने पारखलेल्या परिचारिकेवर शेजारच्या राज्याने का ठेवू नये? ती मुलगी घरी बसून होती त्या सात महिन्यांत कोण्या रुग्णाच्या उशाशी एक परिचारिका कमी होती, याची नोंद मात्र कोणत्याही वहीत नाही.